अठरा तासांच्या पलीकडे : आपल्या वसतिगृहांचा विसरलेला इतिहास

एप्रिल महिना आला की विहारांत, अभ्यासिकांत आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ‘अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. सकाळी सहाला बसायचे आणि रात्री बाराला उठायचे. बाबासाहेबांना याहून चांगले अभिवादन कोणते, असे आपण म्हणतो. आम्हीही विद्यार्थी असताना असे बसलो आहोत आणि त्याचा आम्हाला आजही अभिमान आहे.

काही वर्षांपूर्वी हा उपक्रम संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. गाव सोडून शहरात येऊन त्याला आठ महिने झाले होते. सगळे पांगल्यावर त्याने विचारले, “दादा, बाबासाहेबांना कधी एकटं वाटलं नसेल का? मला फार वाटतं. वर्गात कुणी बोलत नाही, घरी सांगता येत नाही. मी कमजोर आहे का?”

“नाही, तू कमजोर नाहीस,” एवढेच आम्ही तेव्हा म्हणू शकलो. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे हे आम्हाला पाठ होते. ते कोणाच्या आधाराने शिकले, एकटे पडले तेव्हा त्यांनी काय केले आणि पुढे आपल्या मुलांवर तशी वेळ येऊ नये म्हणून काय उभारले, हा इतिहास मात्र आम्ही नीट वाचलाच नव्हता. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच इतिहासात आहे.

एकटेपणा कोणी दिला?

सातारच्या शाळेत भीमराव वेगळ्या तरटावर बसत. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे आणि शिपाई नसला तर तहान तशीच घेऊन बसावे लागे. त्या वर्गात इतर मुले होती, शिक्षक होते. मूल माणसांत बसलेले होते आणि तरीही वेगळे काढलेले होते. समाजशास्त्रात ज्याला सामाजिक बहिष्करण म्हणतात त्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. हा एकटेपणा त्या मुलाच्या स्वभावातून आलेला नव्हता. तो त्याला रोज, नियम म्हणून, दिला जात होता.

पुढे १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी असल्याचे भासवून, त्यांना उतरावे लागले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी त्या दिवसांबद्दल स्वतः लिहिले आहे. मोठे रिकामे दालन, अडगळीचे सामान, वटवाघळे, रात्री मिणमिणता कंदील आणि बोलायला एकही माणूस नाही. माणसाची सोबत नाही म्हणून ते पुस्तकांत डोके खुपसून बसत, आणि वटवाघळांच्या आवाजाने आपण कुठे आहोत याची पुन्हा आठवण होई. भाचा सामान घेऊन आला, तेव्हा मामाची ही अवस्था पाहून तो इतक्या मोठ्याने रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारश्यांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत निघून जा असे बजावून गेला. बाबासाहेबांनी दोन स्नेह्यांना आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळले. गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले.

कोलंबियात शिकून आलेला, लंडनमध्ये पुढचा अभ्यास सुरू केलेला हा माणूस होता. म्हणून त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला पहिले उत्तर हे : होय, बाबासाहेबांना एकटे वाटले होते. त्यांनी ते लपवले नाही, लिहून ठेवले. आणि त्याचे कारण मनाच्या कमजोरीत शोधले नाही. जातीच्या व्यवस्थेत शोधले.

बाबासाहेब एकटे शिकले नाहीत

‘बाबासाहेब एकट्याच्या बळावर शिकले’ असे आपण भाषणांत सर्रास म्हणतो. ते खरे नाही, आणि असे म्हणून आपण आपल्याच मुलांवर ओझे टाकतो.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी मुलाला पहाटे दोनला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी पैसे नसत तेव्हा लेकींचे दागिने मागून आणीत आणि गहाण ठेवीत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या मुलाची कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. त्यातून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्यूलर यांनी पुस्तकेच नव्हे तर कपडेही दिले.

१९१३ साली न्यूयॉर्कला गेल्यावर विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण भेटला. तो आयुष्यभराचा मित्र झाला. १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने कर्ज दिले आणि शाहू महाराजांनी मदत केली. इकडे मुंबईत रमाईने संसार ओढला. एका पारशी जमावाने त्यांना धर्मशाळेतून हाकलले आणि एक पारशी मित्र जन्मभर सोबत राहिला, या दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात आहेत. माणसाला जात तोडते, पण ठरवले तर माणूस माणसाला जोडूनही घेतो.

आपण मुलांना अठरा तास सांगतो. नवल भथेना सांगत नाही. पहाटे दोनला उठवणारा बाप सांगत नाही. त्यामुळे मुलाला वाटते की बाबासाहेबांना कोणाची गरज पडली नाही, मग मला का पडते? आदर्श देता देता आपण मुलाच्या मनात अपराधीपणा पेरतो.

वसतिगृह म्हणजे फक्त छप्पर नव्हते

आता सामूहिक इतिहास पाहू. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. शाळा काढून भागत नाही, शिकणाऱ्या मुलाला शहरात उतरायला जागा आणि जेवायला ताट लागते, हे महाराजांनी ओळखले होते. खोली भाड्याने मिळणे हा आमच्या मुलांसाठी तेव्हाही जातीचा प्रश्न होता. आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक आजही आहेतच.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सभेने पुढच्याच वर्षी, १९२५ साली, सोलापूरला वसतिगृह काढले. अजून महाडचा सत्याग्रह व्हायचा होता. म्हणजे चवदार तळ्याच्या आधी वसतिगृह आले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या वसतिगृहातल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले आणि त्याबरोबर महार हॉकी क्लबही काढला.

हॉकी क्लब का? पोरे व्यसनांकडे, जुगाराकडे वळू नयेत हा हेतू होताच. पण आम्हाला त्यात आणखी काही दिसते. ज्या मुलांना गावात कोणी संघात घेत नव्हते, ज्यांच्या अंगाला अंग लागले तर विटाळ मानला जात होता, त्यांना एक मैदान आणि एक संघ मिळाला. अभ्यास, मासिक, वाचनालय, मैदान यांतले प्रत्येक काम चार माणसांत बसून, एकमेकांशी बोलून करायचे होते. ‘विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. काम मात्र तेच चालले होते.

१९२८ साली दलितवर्ग शिक्षण संस्था स्थापन झाली आणि माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड अशा ठिकाणी वसतिगृहे चालू झाली. धारवाडची एक आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. रमाई तिथे वराळे यांच्याकडे मुक्कामाला होत्या. अंगणात खेळणारी वसतिगृहातली मुले दोन दिवस दिसली नाहीत म्हणून त्यांनी विचारले. अनुदान आले नव्हते, धान्य संपले होते आणि मुले उपाशी होती. रमाईने हातातल्या बांगड्या काढून दिल्या. त्याच काळात सातारला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत होती, आणि त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले.

या कथा आपण त्यागाच्या म्हणून सांगतो. त्या त्यागाच्या आहेतच. पण धारवाडच्या कथेची सुरुवात नीट ऐका. बांगड्या नंतर आल्या. आधी रमाईच्या लक्षात आले की मुले दिसत नाहीत. दोन दिवस मूल दिसले नाही हे ज्याच्या लक्षात येते असे एक माणूस असणे, सगळा प्रश्न इथे आहे.

पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. मराठवाड्याच्या खेड्यांतून पायात चप्पल नसलेली मुले नागसेनवनात आली. तिथल्या वसतिगृहांत कविता वाचल्या गेल्या, भांडणे झाली, रात्र रात्र चर्चा झाल्या आणि त्यातून लेखकांची, कार्यकर्त्यांची एक पिढी उभी राहिली. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचे नाव घेतल्याशिवाय १९७२ च्या दलित पँथरचा इतिहास सांगता येत नाही. एकेकटी पोळलेली पोरे एका खोलीत आली आणि त्यांना कळले की आपल्याला झालेली जखम एकट्याची नाही. मनाला उभारी देणारे याहून मोठे औषध नाही आणि चळवळीचा जन्मही तिथेच होतो.

मग तुटले कुठे?

आरक्षणाने आमची मुले त्या संस्थांत पोहोचली जिथे ती आधी कधी नव्हती. वैद्यकीय महाविद्यालये, आयआयटी, केंद्रीय विद्यापीठे. हा विजय होता. पण त्या संस्थांत मूल पोहोचले ते एकटे. नागसेनवन मागे राहिले.

दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाच्या तक्रारींवर प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली २००६ साली समिती नेमली गेली. २००७ च्या तिच्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी त्रासाला कंटाळून वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर कसे एकवटले, शिक्षक आणि सहाध्यायी त्यांना कसे दूर ठेवत, हे नोंदले आहे. सातारच्या शाळेतले तरट देशाच्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेत येऊन मजला झाले होते.

२०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात काय झाले ते आपल्याला माहीत आहे. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढले होते. त्यांनी विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर मुक्काम केला आणि त्या जागेला ‘वेलिवाडा’ नाव दिले. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. १७ जानेवारीला रोहित वेमुला गेला. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची ही आदिवासी मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञ होण्यासाठी शिकत होती. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप घरच्यांनी केला आणि खटला उभा राहिला. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे भेदभावाविरुद्धचे २०१२ चे नियम कागदावरच राहिले आहेत, ते अमलात आणा, ही त्यांची मागणी होती. दोन वेगळ्या राज्यांतल्या, वेगळ्या समाजांतल्या दोन आया दुःखातून एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

अशा प्रत्येक घटनेनंतर संस्था एक परिपत्रक काढते. समुपदेशक नेमू, योगाचे शिबिर घेऊ, तणावमुक्तीवर व्याख्यान ठेवू. आमचा समुपदेशनाला विरोध नाही. नैराश्य हा खरा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, औषधे आहेत, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण कमजोर म्हणत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. मुलाला दिवसभर वेगळे बसवायचे आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास एका केबिनमध्ये त्याचे ऐकून घ्यायचे, हा उपाय नाही. जखम वर्गात, खानावळीत, मार्गदर्शकाच्या खोलीत होते. मलमपट्टी फक्त केबिनमध्ये करून कशी चालेल? आणि त्या केबिनमधल्या माणसाला जात म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर तो ‘जास्त विचार करू नकोस’ एवढेच सांगणार.

कोणी म्हणेल, तुम्ही न्यायाचा प्रश्न मैत्रीवर आणून सोडता. तसे नाही. रोहितला मित्र होते. ते त्याच्याबरोबर उघड्यावर झोपले. तरी तो गेला, कारण वसतिगृह काढून घेणारी आणि पाठ्यवृत्ती रखडवणारी व्यवस्था तिथे होती. म्हणून नियम, तक्रार समिती, शिक्षा हे सारे हवेच. पण मूल तक्रार करेपर्यंत टिकले पाहिजे. त्याच्या बाजूला दोन माणसे उभी असतील तरच ते तक्रार करते. कायदा आणि मैत्री ही एकमेकांची बदली नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगाइतकीच टिकतील. विद्यापीठाच्या आवारात ते आज शब्दशः खरे ठरते आहे.

आपला वाटा

व्यवस्थेला धारेवर धरताना आपल्याकडेही पाहू.

महाराष्ट्रात २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना राहण्या-जेवणासाठी रोख रक्कम मिळते. ती हक्काची आहे आणि वेळेवर मिळालीच पाहिजे. पण खात्यात पैसे आले म्हणजे वसतिगृह मिळाले असे नाही. कॉट भाड्याने घेऊन, डबा लावून राहणाऱ्या मुलाला दोन दिवस कोणी पाहिले नाही तर कोणाच्या लक्षात येणार? नवी वसतिगृहे बांधा, ही मागणी आपण योजनेच्या बदल्यात सोडता कामा नये.

दुसरे, आपण मुलांकडे जातो कधी? जयंतीला, मोर्चाला, निवडणुकीला. आणि मूल गेल्यावर फलक घेऊन. जिवंतपणी त्याची परीक्षा कधी आहे, त्याचा मार्गदर्शक कसा वागतो, त्याची शिष्यवृत्ती किती महिने आली नाही, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? ‘समाजाचे नाव काढ’ असे प्रत्येक जण सांगतो. ‘जेवलास का?’ हे फार थोडे विचारतात.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. भगवान बुद्धांनी आणि आनंदाने स्वतः त्याला आंघोळ घातली, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला विचारले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? घर सोडून विद्यापीठात आलेल्या मुलांना हे जसेच्या तसे लागू आहे. कल्याणमित्र असणे म्हणजे धम्माचा अर्धा भाग ना, असे आनंदाने विचारले, तेव्हा बुद्धांनी अर्धा नव्हे, संपूर्ण, असे सांगितले. मैत्री हा आपल्याकडे मागाहून चिकटवलेला विषय नाही.

आम्ही काही जण गेली काही वर्षे आमच्या शहरात छोटे काम करतो आहोत. जूनमध्ये नवी मुले येतात तेव्हा त्यांना स्टँडवर, स्टेशनवर घ्यायला जातो. दर रविवारी एका वेळचे जेवण एकत्र असते. त्याला भाषण नाही, हार नाही. एका माजी विद्यार्थ्याकडे पाच मुले, आणि आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाला नाव घेऊन फोन. रविवारी कोणी दिसला नाही तर सोमवारी कोणीतरी त्याच्या खोलीवर जातो. शिष्यवृत्ती अडली तर समाजकल्याण कार्यालयात मुलाला एकटे पाठवत नाही. झोप उडालेली असेल, जेवण तुटले असेल, जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलत असेल, तर ‘बाबासाहेबांकडे बघ’ असे म्हणून वेळ मारून न नेता त्याच्याजवळ बसतो, ऐकतो आणि सोबत डॉक्टरकडे जातो. टेलिमानस ही शासनाची मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक आमच्या अभ्यासिकेच्या दारावर लिहिलेला आहे. याला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक विहाराला, प्रत्येक जयंती मंडळाला हे जमण्यासारखे आहे.

आणि अठरा तासांचा अभ्यास? तो चालूच ठेवू. फक्त यंदा मधल्या सुट्टीत मुलांना नवल भथेनाची गोष्ट सांगू. बडोद्याची धर्मशाळा, सोलापूरचे वसतिगृह, हॉकी क्लब, धारवाडचे ते रिकामे अंगण सांगू. आणि रात्री बाराला पुस्तके मिटल्यावर कोण एकटा परत चालला आहे तेवढे पाहून घेऊ.

तो विद्यार्थी आज नोकरीला लागला आहे. रविवारच्या जेवणात आता तोच वाढायला उभा असतो, आणि कोण आले नाही हे आमच्या आधी त्याच्या लक्षात येते.

जयभीम! नमो बुद्धाय!